‘असं व्हायचंच’

परवा मित्राच्या घरी त्याच्या वडिलांची जुनी गिटार पाहिली आणि डोकंच फिरलं. स्टिकरचा चिकटा निघेना म्हणून एका दुकानदाराच्या सल्ल्याने त्याने थिनर लावला. चिकटा गेला, सोबत लॅकरही गेलं! वर दुकानदार म्हणतो, "जुनी गिटार, असं व्हायचंच."

अहो, व्हायचंच कसं? नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरमध्येच विरघळवून फवारतात. ते वाळतं म्हणजे फक्त थिनर उडून जातो. पन्नास वर्षांनी थिनर लावलात तरी ते पुन्हा विरघळणारच. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनचंही तेच. "मग स्पिरिट?" तेही नको. त्याने लॅकर मऊ आणि धुरकट होतं. तंबोऱ्यावर असतं तसं लाखेचं पॉलिश असेल तर सरळ उतरतंच, कारण लाख विरघळते ती स्पिरिटमध्येच.

हल्लीच्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असतं, ते सहसा विरघळत नाही. त्या अनुभवावर जुन्या वाद्यांना सल्ले द्यायचे, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

आधी किंचित ओलसर मऊ फडकं. नाहीच निघालं तर लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था, फडक्यावर थोडंसं. मेण, चिकटा निघतो, लॅकर शाबूत राहतं. मात्र आधी दडलेल्या कोपऱ्यात पाहा, खिडक्या उघडा, विस्तव लांब ठेवा. लॅकर तडकून लाकूड उघडं पडलं असेल तर तिथे काहीच लावू नका.

मित्र आता त्या डागावर हात ठेवूनच वाजवतो. वडिलांच्या हाताची झीज होती तिथे, तीही पुसली गेली. ती कुठल्या दुकानात मिळणार?