रुग्णाला उठवायचे कोणी?

पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो : जीव वाचेल ना? दुसरा प्रश्न, ‘पुन्हा चालतील का?’, उशिरा विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांत खाटेजवळ कोण उभे असते, यावरही ठरत असते. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने या दुसऱ्या प्रश्नाचा पुरेसा विचार केलेला नाही.

विश्रांती हाच उपचार, ही समजूत जुनी आहे. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणाला खिळण्याचे धोके मांडून तिला आव्हान दिले. पायांत रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया, शय्याव्रण, आखडलेले सांधे ही त्या ‘विश्रांती’ची किंमत. म्हणून रुग्णाला लवकर हालते करावे, हे तत्त्व रुजले.

पण घाईसुद्धा उपचार नव्हे. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर झालेल्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २४ तासांच्या आत उठवून अधिक वेळ हालचाल करवलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी बऱ्यापैकी स्वावलंबी होते. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत हे प्रमाण ५० टक्के होते. पुढील विश्लेषणाने सुचवले, की थोडा वेळ पण वारंवार केलेली हालचाल अधिक हिताची. हे प्रमाण ठरवण्यास प्रशिक्षित नजर हवी.

आपल्याकडे ही जबाबदारी बहुधा मुलगा, सून किंवा पत्नीवर येते. त्यांना रीतसर शिकवून पुनर्वसन साधेल काय, याची चाचणी भारतातच १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच आढळले. कुटुंबाची माया अनमोल आहे. पण ती फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही.

२०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात होता. ‘आयुष्मान भारत’ विमा योजना मात्र रुग्णालयातून सुटल्यानंतरचा केवळ १५ दिवसांचा खर्च उचलते, आणि हातापायांत बळ परत यायला तर महिने लागतात. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्यव्यवसायांना राष्ट्रीय चौकट मिळाली. पदे निर्माण करणे हे राज्यांचे काम आहे.

प्रशासनातील अनुभव सांगतो, की यंत्राची खरेदी सोपी असते, पदाची मंजुरी अवघड. यंत्राचे उद्घाटन करता येते. रुग्णाला दिवसातून चार वेळा आधार देऊन बसवणाऱ्या हातांचे नाही. तरीही सुरुवात महागडी नाही. जिल्हा रुग्णालयात पक्षाघाताच्या काही खाटा एकत्र असाव्यात. तेथे पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट आणि घास देण्यापूर्वी गिळण्याची क्षमता तपासणाऱ्या परिचारिका असाव्यात. रुग्ण केव्हा बसला, किती वेळ उभा राहिला, याची नोंद ताप-रक्तदाबाच्या तक्त्याशेजारीच व्हावी. ज्याची नोंद होत नाही, त्याचा जाबही कोणी विचारत नाही.

जीव वाचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे आपण मान्य केले आहे. वाचलेल्या माणसाला पायांवर उभे करणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.