खिडकीतून लोंबणारी वायर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर... कुठल्याही जुन्या सोसायटीत रात्री एक चक्कर मारा. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला गाडी चार्ज होतेय.

साधा हिशेब बघा. छोट्या पिनचा एक्स्टेंशन बोर्ड ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. टीव्ही, मोबाइलपुरता ठीक. इलेक्ट्रिक कारचा १५ अँपिअरचा चार्जर तीन हजार वॅटच्या वर ओढतो, तेही कित्येक तास. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. उरलेली वायर गुंडाळून ठेवली तर ती उष्णता नीट बाहेरही पडत नाही. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस!

पण सगळा दोष वायर सोडणाऱ्याला देऊ नका. त्याने कमिटीकडे पार्किंगमध्ये पॉइंट मागितलेला असतो आणि "उद्या सगळेच मागतील" म्हणून अर्ज पडून राहतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत घरी खासगी चार्जिंगला परवानगी आहे. मग अडवायचं कशाला?

लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, एमसीबी, आरसीसीबी, नीट अर्थिंग; खर्च गाडीवाल्याचा. वेगळ्या मीटरसाठी मुलुंडकरांनी महावितरणकडे, अंधेरी-बोरिवलीकरांनी अदानी किंवा टाटाकडे जावं.

वायर काढायची नोटीस जरूर लावा, पण आधी खाली पॉइंट द्या. तुमच्या सोसायटीत काय चाललंय, कमेंटमध्ये लिहा.