जुन्याचं कौतुक कुणी करावं?

मी गाडी घेतली. सेकंडहँड घेतली. फोक्सवॅगन बीटल, २०१० ची, पिवळी. एवढ्याशा बातमीवर गेल्या दोन महिन्यांत मला जेवढं ऐकून घ्यावं लागलं, तेवढं एखाद्या जहाल भाषणावरही कधी ऐकावं लागलं नव्हतं. प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, चळवळीच्या माणसाला अशी गाडी शोभते का?" वर बाबासाहेबांच्या १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाची आठवण करून दिली, शिकलेल्यांनीच धोका दिला ती. त्यांचा मान राखून उत्तर पुढे देतो. आधी त्यातला एक शब्द उचलतो: "शोभते".

हा शब्द साधा नाही मित्रांनो. अख्खी जातिव्यवस्था म्हणजे कुणाला काय शोभतं याची यादी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला काय शोभतं ते लिहून ठेवलंय: मेलेल्याचे कपडे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. पण यादी जळाली का? घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला आजही खाली ओढतात, कारण घोडा शोभत नाही. पीळ दिलेली मिशी शोभत नाही. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका पोराचा जीव घेतला, कारण त्याच्या मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांची रिंगटोन काहींच्या कानांना शोभली नाही. म्हणून म्हणतो, दुसरा काहीही प्रश्न विचारा. महाग आहे का, गरज होती का, हप्ता कसा फेडणार, सगळं विचारा. पण "शोभते का" हा प्रश्न आपल्या तोंडून नको. तो आपल्याविरुद्ध फार वापरला गेलाय.

दुसरा प्रकार पुरोगामी मित्रांचा. त्यांना गाडी फार आवडली. "वा, काय रेट्रो लूक आहे! जुने दिवस आठवले." हे कौतुक मला पहिल्या आक्षेपापेक्षा जास्त टोचलं. का, ते सांगायचं तर आधी ही गाडी नेमकी काय चीज आहे ते सांगायला हवं.

बीटल म्हटलं की लोकांना जी आठवते ती जुनी, इंजिन मागे आणि तेही हवेनं थंड होणारं. माझ्याकडची ती नव्हेच. ही १९९८ साली आलेली 'न्यू बीटल'. हिचं इंजिन पुढे आहे, पाण्यानं थंड होतं, आणि खालचा सांगाडा त्याच कंपनीच्या गोल्फ गाडीचा. जुनं फक्त वरचं रूप: गोल छत, गोल दिवे, आणि डॅशबोर्डवर एक चिमुकली फुलदाणी, साठच्या दशकाची आठवण म्हणून. आपल्याकडे ती २००९ च्या अखेरीस विकायला आली. चाकणला कंपनीचा कारखाना असूनही ही गाडी तिथे बनली नाही, मेक्सिकोतल्या पुएब्लाहून तयार यायची. नवी असताना किंमत वीस लाखांच्या वर. म्हणजे ज्यांनी ती घेतली त्यांनी निम्मे पैसे प्रवासाचे दिले आणि निम्मे आठवणीचे.

आता आठवण कुणाची, हा प्रश्न आला.

मला गाडी विकणारे गृहस्थ पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत राहतात. वय सत्तरच्या पुढे, बोलणं मृदू, गाडी अतिशय निगुतीनं ठेवलेली. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाईलला लावलेली. (सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनो, रंग बघू नका, ही फाईल बघा.) त्यांनी चहा दिला, आडनाव विचारलं. आडनावावरून काही उमगेना म्हणून गाव विचारलं. गावावरूनही उमगेना, तेव्हा "तिकडे तुम्ही नेमके कुठल्या भागात?" असं विचारलं. मी म्हटलं, "बौद्धवाड्यात." कप बशीत ठेवताना जरा आवाज झाला, एवढंच. वाईट काही बोलले नाहीत. व्यवहार ठरलेल्या किमतीलाच झाला. फक्त किल्ली देताना म्हणाले, "गाडी चांगल्या घरात जावी एवढीच इच्छा होती." मग खूप वेळ जुन्या दिवसांबद्दल बोलत बसले. वाड्याच्या दारात उभी असायची ती फियाट, सुट्टीत गावी जाणं, गावची माणसं किती अदबीनं वागायची, सगळं कसं एका कुटुंबासारखं होतं.

मी ऐकत होतो आणि मला माझा आजोबा दिसत होता. त्याच्याकडे महारकी होती. साहेबाचा टांगा गावात यायचा तेव्हा त्याचं काम काय? टांग्याच्या पुढे पळायचं. रस्ता दाखवत, लोकांना बाजूला करत, धूळ खात. घोड्याइतकंच पळायचं, पण घोड्याला मुक्कामावर चंदी मिळायची. याच वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं, आणि ते कायद्यानं गेलं कधी? १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेबांच्या पश्चात. ती अदबीनं वागणारी गावची माणसं म्हणजे आम्ही.

वाहनाची आमची आठवण ही अशी आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. वडिलांकडे गोरेगावला जायचं होतं. जात कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बरोबर पायी चालणार. अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, तेच भीमराव परदेशातल्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर आणि सरकारनं नेमलेल्या समितीचे सदस्य होऊन चाळीसगावला उतरले. टांगेवाले महारवाड्यात न्यायला तयार नाहीत. तोडगा काय निघाला? टांगा भाड्यानं देऊ, हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकानं, ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता, त्यानं लगाम धरला. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेले. पोटासाठी टांगा हाकणारा माणूससुद्धा त्या बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता.

आता मला सांगा, "जुने दिवस आठवले" हे वाक्य मी कोणत्या तोंडानं म्हणू?

हे फक्त गाडीपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. सगळीकडे हा रेट्रोचा बाजार मांडलाय. हायवेवरच्या हॉटेलात शेणानं सारवलेल्या भिंती, चुलीवरची भाकरी, कोपऱ्यात जुनी बैलगाडी, भिंतीवर बारा बलुतेदारांची रंगीत चित्रं. चित्रात सुतार आहे, कुंभार आहे, लोहार आहे, सगळे हसतायत. महार असला तर हातात काठी घेऊन वेशीपाशी उभा, तोही हसतोय. मेलेलं ढोर ओढताना कुणी काढत नाही, कारण जेवायला बसलेल्यांना ते बरं दिसणार नाही. "गावगाडा" हा शब्द किती प्रेमानं उच्चारतात! गावगाडा हा असा गाडा होता, ज्यात आम्हाला बसायला जागा नव्हती, ओढायला होती.

यावर कुणी म्हणेल, मग तू तरी ही जुन्या रूपाची गाडी का घेतलीस? रास्त प्रश्न आहे. त्यासाठी या गाडीच्या खऱ्या भूतकाळाकडे जावं लागेल, आणि तो फुलदाणीत मावत नाही.

बीटल ही हिटलरच्या राजवटीची गाडी. २६ मे १९३८ ला त्यानं स्वतः कारखान्याची कोनशिला बसवली. किंमत ९९० मार्क, कामगारांनी आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं चिकटवून पैसे साठवायचे. तीन लाखांहून जास्त लोकांनी साठवले. युद्धाआधी गाडी एकालाही मिळाली नाही. कारखान्यातून लष्करी वाहनं निघाली, आणि ती बनवायला वेठीला धरलेले मजूर आणि छळछावणीतले कैदी जुंपले. वेठ म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक नाव सांगतो, योसेफ गान्झ. ज्यू इंजिनिअर. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी, हलकी गाडी बनली पाहिजे, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं 'मोटर-क्रिटिक' नावाच्या नियतकालिकातून मोठ्या कंपन्यांशी भांडत होता. १९३१ सालच्या त्याच्या नमुन्याच्या गाडीचं टोपणनावही एका भुंगेऱ्याचंच होतं. १९३३ साली त्याला अटक झाली, पुढे देश सोडावा लागला, आणि १९६७ साली तो दूर ऑस्ट्रेलियात वारला. गाडी जगभर गेली, त्याचं नाव मात्र गाळलं गेलं. कष्ट आणि कल्पना एकाची, कोनशिलेवर नाव दुसऱ्याचं. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते ना?

पण आता पुढचं बघा. १९९८ साली न्यू बीटल आली असं मी वर लिहिलं. त्याच १९९८ साली त्याच कंपनीला त्या वेठीच्या मजुरांसाठी दोन कोटी मार्कांचा निधी काढावा लागला. त्याच्या दोन वर्षं आधी नाझी काळातल्या कंपनीच्या करणीचा जाडजूड इतिहास इतिहासकारांकडून लिहून छापला गेला होता. मी जर्मनांना साधू ठरवत नाही. निधी खुशीनं निघाला नाही, कोर्टकचेरीचा रेटा होता, कायदेशीर जबाबदारी मान्य करायला टाळाटाळ झाली, आणि तोवर कितीतरी मजूर मरूनही गेले होते. तरी झालं काय? जुन्या रूपाची गाडी बाजारात आली त्याच वर्षी जुन्या पापाचा हिशेबही टेबलावर आला.

आपल्याकडे हिशेब कुठाय? पिढ्यानपिढ्या फुकट राबवलेल्या माणसांच्या मजुरीचा आकडा कुणी मांडला? उलट हिशेबाची गोष्ट काढली की "आता कुठे राहिलीय जात?" आणि भाकरीची गोष्ट निघाली की "जुने दिवस काय छान होते!" दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी, एकाच जेवणात. माझी गाडी बाहेरून जुनी आहे, आतून नवी. हा समाज नेमका उलटा. वरून अॅप, आत जातीचा फिल्टर. वरून टॉवर, आत "तुम्ही नेमके कुठल्या भागातले?" या दोन फसव्या वस्तूंपैकी मला गाडीच जास्त प्रामाणिक वाटते.

आता "सेकंडहँड"बद्दल. एका नातेवाइकानं टोमणा मारला, "शेवटी त्यांचं उतरलेलंच घेतलंस ना!" हा टोमणा झोंबला, कारण तो आपल्या इतिहासातून आलाय. उतरलेले कपडे, उरलेलं अन्न, सणाला वाड्याच्या मागच्या दारानं मिळणारं शिळंपाकं. पण भाऊ, उतरलेलं आणि वापरलेलं यात फरक आहे. उतरलेल्याची पावती नसते. मी घासाघीस केली, चार लाख दहा हजार बँकेतून दिले, फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, विमा नावावर करून घेतला, आरसी बुकात त्यांचं नाव जाऊन माझं आलं. त्यांनी मला काही दिलं नाही, मी विकत घेतलं. महाडला बाबासाहेबांनी शिळं तुकडं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते या फरकासाठी. बाजारातून पैसे मोजून जुनी वस्तू घेणारा माणूस कुणाचा बलुतेदार नसतो.

राहिले आमचे ज्येष्ठ सहकारी आणि आग्र्याचं भाषण. तिथे त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. बाबासाहेबांची तक्रार कुणी कोट घातला किंवा कोण गाडीत बसला याबद्दल नव्हती, स्वतः त्यांचा कोट नीटनेटका असायचा. तक्रार होती ती शिकून वर गेलेल्यांनी मागे वळून न बघण्याबद्दल. त्या कसोटीवर मला जरूर तपासा. आणि हेही कबूल करतो की व्यवहार म्हणून ही गाडी शहाणपणाची नाही. शहरात लिटरला आठ-नऊ किलोमीटर. दारं दोनच, मागे बसायचं तर पुढची सीट पाडून, अंग चोरून आत शिरावं लागतं. आपल्याकडे अशा गाड्या मुळातच थोड्या, त्यामुळे साधा आरसा फुटला तरी आठवडे थांबावं लागतं. पंधरा वर्षं झाल्यावर पुनर्नोंदणी आली. आयात मोटारीला ते शुल्क २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, देशी मोटारीला ५,०००. पर्यावरण कर वेगळा. घरात म्हातारी माणसं असतील, पैसे मोजके असतील, तर कुणी माझं बघून ही गाडी घेऊ नका. चार दारांची साधी वॅगनआर घ्या. मी घेतली कारण मला ती आवडली. आवडली म्हणून एखादी वस्तू घेणं ही चैन आमच्या आजोबाच्या नशिबी कधी आली नव्हती.

वस्तीतली पोरं तिला "कासव" म्हणतात. आत बसायला रांग लागते.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना एवढंच कळवतो की येत्या गुरुवारी तालुक्याच्या कोर्टात आपल्या अॅट्रॉसिटीच्या केसची तारीख आहे. एसटी सकाळी सहाला सुटते, आणि फिर्यादी बाईंना एसटीत त्याच गावच्या लोकांसोबत बसून जायची भीती वाटते. त्या पुढे बसतील. वकील आणि तुम्ही मागे. गुडघे दुखतील, त्याला इलाज नाही. साडेसातला नाक्यावर थांबा, पेट्रोल निम्मं तुमचं.