एक्सप्लेनर : मोटू-पतलू मुंबईत घडले, मग मराठी कार्टून का नाही?

जूनमध्ये शाळा सुरू होताना बजाजनगरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत छोटा भीम आणि मोटू-पतलूची दप्तरे, डबे, पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या दिसतात. वाळूज एमआयडीसीत कामाला असलेल्या आई-वडिलांच्या मुलांना मोटू-पतलूचे फुरफुरीनगर आपल्या गल्लीइतकेच पाठ असते. हे फुरफुरीनगर संगणकावर उभे राहिले ते मुंबईत, कॉसमॉस-माया या स्टुडिओत. त्याचा प्रवास वाळूजच्या वाचकाला पटकन समजेल, कारण जॉब वर्क आणि स्वतःचा माल यांतला फरक इथे रोज दिसतो.

सुरुवात कुठून झाली?

चित्रांना चालवण्याची हौस महाराष्ट्राला जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘अगकाड्यांची मौज’ केली. पुढे १९५६ च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी इथल्या चित्रकारांना शिकवले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा लघुपट तयार झाला.

याच विभागातून राम मोहन पुढे आले. त्यांनी १९७२ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. जिल्हा परिषद शाळांतल्या ‘मीना-राजू मंचा’तली मीना त्यांच्याच हातून रेखाटली गेली. पण ती मीना युनिसेफची. चित्र मुंबईचे, पात्र दुसऱ्याचे, हा प्रकार तेव्हापासून दिसतो.

कॉसमॉस-माया काय आहे?

‘मिर्च मसाला’चे दिग्दर्शक केतन मेहता आणि अभिनेत्री दीपा साही यांनी १९९६ मध्ये ‘माया’ सुरू केली. त्याच्या वर्षभर आधी भारतात कार्टून नेटवर्क आले होते. पडद्यावर बहुतेक परदेशी मालिका असत आणि भारतीय स्टुडिओंना मिळे ते प्रामुख्याने बाहेरच्या कंपन्यांचे काम. कथा, पात्रे आणि आराखडा तिकडून यायचा, इकडे मेहनत व्हायची. वाळूजच्या भाषेत सांगायचे तर मदर कंपनीने ड्रॉइंग पाठवायचे आणि व्हेंडरने पार्ट काढून द्यायचा.

हे चित्र २००८ मध्ये बदलू लागले. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ पोगोवर आला आणि देशी पात्रही चालते हे सिद्ध झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये निकलोडियनवर ‘मोटू पतलू’ सुरू झाले. ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातल्या जुन्या चित्रकथेला कॉसमॉस-मायाने थ्रीडी रूप दिले. पुढे ‘वीर : द रोबोट बॉय’, ‘शिवा’ अशा मालिकांची रांग लागली.

इतका माल इतक्या वेगाने कसा निघतो?

टीव्हीवर साधारण २५ फ्रेमला एक सेकंद होतो. म्हणजे ११ मिनिटांच्या एका भागात १६,५०० फ्रेम. संगणकाला एका फ्रेमसाठी पाच मिनिटे लागतात असे धरले, तर एका मशीनला ५७ दिवस लागतील. पन्नास मशीन एकत्र जोडल्या तर तेच काम सव्वा दिवसात संपते. त्याला रेंडर फार्म म्हणतात.

दुसरी गोष्ट डायची. प्रेस शॉपमध्ये डाय एकदा बनवायला वेळ आणि पैसा लागतो, नंतर पार्ट भराभर निघतात. थ्रीडीमध्ये मोटूचे मॉडेल आणि त्याला हलवणारा सांगाडा एकदा तयार झाला की तो शेकडो भागांत वापरता येतो. पळण्याची, समोसा खाण्याची हालचालही पुन्हा वापरता येते. म्हणूनच टीव्हीला लागणारा रतीब घालणे परवडते.

पैसा कोणाला मिळतो?

जॉब वर्कचे बिल एकदाच मिळते. पात्र ज्याचे, त्याला मात्र प्रक्षेपण, यूट्यूब, खेळणी, दप्तरे अशा अनेक वाटांनी पैसा येत राहतो. ग्रीन गोल्डने भीमचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि पुढे भीमच्या वस्तूंची दुकानेही काढली. कॉसमॉस-मायात २०१८ मध्ये केकेआरचे पाठबळ असलेल्या एमराल्ड मीडियाने मोठा हिस्सा घेतला, नंतर तो न्यूक्वेस्टकडे गेला. अशा व्यवहारात नुसत्या मशीनला किंमत नसते, तयार मालिकांच्या साठ्यालाही असते.

बजाज ऑटोचेच उदाहरण घ्या. आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनत होती. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. कारखाना चालवण्याचा अनुभव परवान्याच्या काळातच मिळाला होता. म्हणून जॉब वर्कला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातच अडकून पडणे हा तोटा आहे.

मराठीचे काय?

सन समूहाने २००७ ते २०११ या काळात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांत मुलांच्या वाहिन्या काढल्या. मराठीत घराघरांत पोचलेली अशी वाहिनी उभी राहिली नाही. आपल्याकडे फास्टर फेणे आहे, चिंटू आहे. त्यांच्यावर माणसे घेऊन चित्रपट झाले, पण रोजच्या कार्टून मालिकेतून ते मुलांपर्यंत पोचले नाहीत. मराठी प्रेक्षक हिंदी समजतो, त्यामुळे वेगळा खर्च कशाला, हा हिशेब वाहिन्यांना सोयीचा पडतो. परिणामी बजाजनगरातली पोरे खेळता खेळता हिंदीत भांडतात.

सरकारी धोरणात काय हवे?

राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मुंबईत त्यासाठी राष्ट्रीय संस्थाही उभी राहत आहे. पण किती स्टुडिओ आले आणि किती नोकऱ्या मिळाल्या, एवढाच हिशेब ठेवला तर आपण पुन्हा व्हेंडरच तयार करू. मराठी पात्रावर मालिका करणाऱ्या छोट्या स्टुडिओला पहिल्या काही भागांचा खर्च मिळावा आणि हक्क त्याच्याकडेच राहावेत, ही अट धोरणात असायला हवी. सह्याद्री वाहिनीवर त्या मालिकेसाठी संध्याकाळची ठरलेली वेळ देणे तर लगेच शक्य आहे.

सॉफ्टवेअरची अडचण आता तितकी मोठी नाही. ब्लेंडर फुकट मिळते आणि ते शिकलेली मुले मराठवाड्यातही आहेत. आज त्यांना कामासाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते आणि तिथे ती दुसऱ्याचे पात्र हलवतात. त्यातल्या काहींना इथेच बसून स्वतःचे पात्र घडवता आले, तर एखाद्या जूनमध्ये बजाजनगरच्या दुकानातल्या दप्तरावर मराठी बोलणारा हिरो दिसू शकेल.