जानेवारीचं गॅदरिंग आणि सप्टेंबरचा पट

सातारा जिल्ह्यात नव्या वर्षाचा पहिला आठवडा भरगच्च आहे. १ ते ४ जानेवारी २०२६ या काळात साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. ३ जानेवारीला पौष पौर्णिमा, म्हणजे मांढरदेवला काळूबाईची यात्रा. आणि त्याच दिवशी खंडाळा तालुक्यातील नायगावात, सावित्रीबाई फुले यांच्या जन्मगावी, जयंतीचा कार्यक्रम. मंत्री, गाड्या आणि कॅमेरे या तीन ठिकाणी असणार, हे उघड आहे.

पाटण, जावळी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवरच्या झेडपीच्या शाळांत मात्र वेगळी लगबग चालू झाली आहे. ३ जानेवारीला शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. बालिका दिनाची भाषणे त्यातच उरकायची. १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती. संक्रांतीच्या आसपास आनंद बाजार. संक्रांत ते रथसप्तमी, म्हणजे १४ ते २५ जानेवारीच्या दरम्यान माता-पालक मेळावा आणि हळदीकुंकू. लगेच दुसऱ्या दिवशी २६ जानेवारीचे झेंडावंदन. या सगळ्यात कुठे तरी एक संध्याकाळ काढून गॅदरिंग. मधे केंद्राच्या आणि बीटाच्या क्रीडा स्पर्धा उरल्या असतील तर त्या वेगळ्याच. फेब्रुवारीत पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आणि ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाल्यामुळे यंदा उन्हाळ्यात चौथीच्या पोरांनाही बसायचे आहे. एवढे सगळे दोन गुरुजी आणि वीस-पंचवीस पोरांत.

बाहेरून बघणाऱ्याला वाटते, शाळेत नाचगाणी सुरू झाली, अभ्यास गेला. ही तक्रार दरवर्षीची आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण गॅदरिंगचा हिशेब फक्त बुडालेल्या तासांवरून मांडता येत नाही. गेल्या काही वर्षांत या एका संध्याकाळीवर बरेच काही टांगले गेले आहे. शाळेत पुढच्या वर्षी पहिलीला किती पोरं येणार, आणि त्यावरून गावात किती शिक्षक राहणार, हे त्यात आलेच.

एका पोराचा फरक

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, असे सरळ लिहिले आहे. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. कागद इतका स्पष्ट आहे. गोंधळ सुरू होतो तो संचमान्यतेपासून. ३० सप्टेंबरला शाळेच्या पटावर किती विद्यार्थी आहेत, त्यातल्या किती जणांचे आधार जुळते, यावरून पुढच्या पदांचा हिशेब होतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने या हिशेबाचे निकष बदलले. वीसच्या आतल्या शाळेत दुसरा नियमित शिक्षक मिळण्याच्या हक्कालाच त्यामुळे धक्का बसला, ही शिक्षक संघटनांची तक्रार आहे. गेल्या ५ डिसेंबरला राज्यभर शाळा बंद ठेवून जे आंदोलन झाले, त्यात टीईटीच्या सक्तीबरोबर हा मुद्दाही होता.

आता डोंगरातल्या एखाद्या वस्तीचा विचार करा. पट एकवीस आहे. दोन घरे कराडला भाड्याने राहायला गेली, तीन पोरांचे दाखले गेले, पट अठरा झाला. गावातल्या कोणी काही वाईट केले नाही, शिक्षकाने काही कमी केले नाही. तरी गणित बदलले. म्हणून मुख्याध्यापक गॅदरिंगच्या दिवशी स्टेजपेक्षा मंडपाकडे जास्त बघत असतात. अंगणवाडीतली कोणती पोरं आईच्या मांडीवर बसून आली आहेत, शेजारच्या वस्तीवरून कोण आले आहे, कोणाच्या घरासमोर सकाळी इंग्लिश मीडियमची पिवळी बस थांबते, हे त्यांना तोंडपाठ असते.

अंगणवाडीच्या पोरांचे एक गाणे कार्यक्रमात हमखास असते, ते याच कारणाने. एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा 'पहिले पाऊल' मेळावा होतो. नोंदणीपासून गणनपूर्व तयारीपर्यंतचे स्टॉल लागतात, आईच्या हातात पोराचे विकासपत्र पडते. २०२२ पासूनचा हा उपक्रम चांगला आहे, पण तोवर उशीर झालेला असतो. पिवळ्या बसवाल्यांची प्रवेशाची मोहीम त्याआधीच सुरू होते. झेडपीच्या शिक्षकांनीही आता 'गुढीपाडवा, पट वाढवा' अशी घोषणा घेतली आहे. यंदा पाडवा १९ मार्चला आहे. म्हणजे पालकाचे मन वळवायचे तर हातात जानेवारी आणि फेब्रुवारी उरतात, आणि या दोन महिन्यांत सगळा गाव शाळेच्या आवारात एकत्र येण्याचा प्रसंग एकच.

पैसा कुठून येतो

गॅदरिंगसाठी स्वतंत्र सरकारी पैसा असा नसतो. मंडप, साउंड, लाइट, ड्रेपरीचे भाडे, पोरांचा खाऊ, हे सगळे लोकवर्गणीवर. गाण्याला कोणी शंभर, कोणी पाचशे बक्षीस देतो, माइकवरून नाव पुकारले जाते, आणि त्या आवाजाने पुढचा हात खिशात जातो. हे बक्षीस नाचणाऱ्या पोरीचे नसते, शाळेच्या वहीत जमा होते. त्यातून कुठे पाण्याची टाकी, कुठे रंगकाम, कुठे टीव्ही संच आला आहे.

पाटण-जावळीकडे यात आणखी एक धागा आहे. या भागातली अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-नवी मुंबईत, बरीचशी माथाडी कामात. गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी मंदिरे बांधली, तशा शाळांच्या भिंतीही उभ्या केल्या. देणगीदारांच्या फलकावर नावे बघा, निम्मी मुंबईकरांची. आणि गंमत, खरे तर गंमत नव्हेच, अशी की ज्यांच्या पैशाने वर्गाला फरशी बसली त्यांची नातवंडे कोपरखैरणेला शिकतात. शाळेला इमारत मिळाली, पट मिळाला नाही. देणगीच्या पैशाने शाळा सुंदर होते, पण संचमान्यतेत फरशीचा रकाना नसतो.

म्हणून वर्गणी गोळा करताना शाळा व्यवस्थापन समितीने एक गोष्ट करायला हवी. हिशेब गावासमोर वाचायला हवा. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. कागदावर असतातच. प्रत्यक्षात काही गावांत अध्यक्षपद ठरते ते गटातटावरून, आणि महिला सदस्य सहीपुरत्या. गॅदरिंगच्या स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्या दोन रांगा होतात, तेव्हा समितीतल्या आया खाली सतरंजीवर बसलेल्या असतात. सत्कारांत तास जातो आणि पहिलीची पोरं मेकअपमध्येच झोपून जातात, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा पालक तालुक्यात सापडणे अवघड.

ड्रेपरीचा प्रश्नही वरवर किरकोळ दिसतो. एका गाण्याचा ड्रेस भाड्याने आणायचा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचा एक-दोन दिवसांचा रोज. काही आया उसने घेतात, काही पोरीला सांगतात, 'यंदा राहू दे.' जिथे गुरुजी-बाई शहाणे आहेत तिथे घरातली नऊवारी, धोतर, घोंगडी यांवरच कार्यक्रम बसवतात. माण-खटावकडे गजीनृत्याला लागते ते सामान घरात असतेच. सगळ्या पोरांना एकदा तरी स्टेजवर आणायचेच, असा नियम काही शाळांनी स्वतःहून ठेवला आहे. पटच वीस असेल तर तो पाळणे सोपे जाते. लहान शाळेचा हा फायदा पिवळ्या बसच्या शाळेला कधी मिळत नाही, पण तो पालकांना कोणी मोजून दाखवत नाही.

हळदीकुंकवाला कोण येत नाही

माता-पालक मेळावा बहुतेक ठिकाणी हळदीकुंकवाला जोडून घेतला जातो. कारण व्यवहाराचे आहे. नुसत्या मेळाव्याला दहा बाया येतात, वाण मिळणार म्हटले की चाळीस. पण शाळेच्या दारातून या बोलावण्यामुळे काही आया आपोआप मागे राहतात. नवरा गेलेली बाई येत नाही, किंवा आली तरी व्हरांड्यात उभी राहते. तिचे पोर वर्गातून ते बघत असते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी तसे करावे असे सांगितले. परिपत्रक निघून साडेतीन वर्षे झाली. सरकारी शाळेच्या आवारात होणाऱ्या कार्यक्रमात तरी ते लागू व्हायला कोणाची परवानगी लागू नये. काही शाळांत बाईंनी साधा उपाय काढला आहे. चिठ्ठीवर 'हळदीकुंकू' न लिहिता 'तीळगूळ आणि माता-पालक सभा' लिहायचे, वाण प्रत्येक आईला द्यायचे, आणि पहिले वाण मुद्दाम ठरवून द्यायचे. वाण म्हणून चमच्याऐवजी पोराच्या वाचनाचे छोटे पुस्तक दिले तर आणखी बरे. नायगावच्या लेकीची जयंती त्याच महिन्यात साजरी करणाऱ्या जिल्ह्यात एवढे तरी जमायला हरकत नाही.

जे जानेवारीत गावात नसतात

गॅदरिंगच्या फोटोत न दिसणारी पोरंही आहेत. माणमधले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर काही पोरंही. उलट कराड-फलटणच्या उसाच्या फडांवर बीडकडून टोळ्या आलेल्या असतात, कोपीवरची पोरं जवळच्या झेडपी शाळेच्या कुंपणापर्यंत येतात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्राची सोय आहे. ते पत्र दाखवून जिथे गेले तिथल्या शाळेत बसता येते. एका शाळेचा पट गळतो तेव्हाच दुसऱ्या शाळेच्या दारात पोरं उभी असतात. पण ही मुलं तात्पुरती, म्हणून नाचाच्या गटात त्यांना घ्यायला कोणी सहसा पुढे येत नाही. आनंद बाजारात मात्र त्यांना घेता येते. भाजीची जुडी दहाला, दोन घेतल्या तर पंधराला, हा हिशेब फडावरच्या पोराला वर्गातल्या हुशार पोरापेक्षा लवकर जमतो, आणि त्या दिवशी वर्गालाही ते दिसते.

डोंगरातली गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी मागवले होते, पुण्याचे पानशेत आणि नंदुरबारचे तोरणमाळ यांचे उदाहरण देऊन. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. विरोध झाला, विषय मागे पडला, पण गावागावांत धास्ती राहिली. बस देऊ, असे सांगितले जाते. कोयनेच्या पट्ट्यात बस कुठवर जाणार? जावळीतल्या खिरखिंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत बॅकवॉटर ओलांडून आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जात होत्या. त्याची जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या मोठ्या मुली होत्या. सहा वर्षांचे पोर त्या वाटेने कोण पाठवील? या भागातली गॅदरिंग रात्री न होता दुपारीच उरकली जातात, कारण अंधार पडल्यावर परतीच्या वाटेवर गवा आणि बिबट्या दोघांचाही भरवसा नाही.

समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते टाळू नये. सात पोरांच्या वर्गात सोबत नाही, खेळाला दोन संघ होत नाहीत, एकच गुरुजी चार इयत्ता आणि सगळी ऑनलाइन माहिती सांभाळतात. काही पालकांना हे खटकते आणि ते बसकडे वळतात. जवळच्या तीन-चार वस्त्यांच्या शाळांनी मिळून एकच गॅदरिंग घ्यावे, एकच आनंद बाजार भरवावा, हा मधला रस्ता केंद्रप्रमुखांनी मनावर घेतला तर याच महिन्यात करता येतो. शाळा आपापल्या जागी राहतात, मंडपाचा खर्च वाटला जातो, पोरांना सोबतही मिळते. अडचण एकच: पाहुणे कोणत्या गावचे आणि नारळ कोणी फोडायचा.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाले की गावागावांत ग्रामसभा भरते. बहुतेक ठिकाणी ती रस्ता, गटार आणि पाणीपट्टीवर संपते. जूनमध्ये पहिलीला येणारी पोरं किती, त्यांची नावे आणि आधार झाले का, दुसऱ्या शिक्षकाचे पद टिकते का, हे तीन प्रश्न त्या सभेत विचारायला मुख्याध्यापक उभे राहू शकत नाहीत, ते सरकारी नोकर. समितीतली एखादी आई राहू शकते. झेंडावंदनाला ती आवारात असतेच. सभा सुरू होईपर्यंत तिला थांबवून घेणे, एवढेच काम आहे.