स्वयंपाकघरातली चप्पल

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला, की टाचेत खिळा घुसावा तशी कळ येते. मग भिंतीला धरत, कपाटाला धरत न्हाणीघरापर्यंत जायचं. दहा-पंधरा पावलं टाकली, की कळ ओसरते. चहा टाकेपर्यंत आपण विसरूनही जातो. दुपारी सगळ्यांची जेवणं उरकून जरा टेकलं आणि पुन्हा उठलं, की तीच कळ... ओळखीचं वाटतंय ना?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत हा विषय निघाला, तर आठ जणींपैकी तिघी लगेच टाच चोळायला लागल्या. तिघींचंही निदान ठरलेलं : ‘हाड वाढलंय.’ एकीने रुईचं पान लावून गरम विटेवर शेक घेतला होता. दुसरी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खात होती. तिसरीने काहीच केलं नव्हतं. म्हणाली, ‘‘आता वय झालं, चालायचंच.’’ वय किती, तर ४३!

मैत्रिणींनो, मला राग येतो तो या ‘चालायचंच’चा. कारण हे दुखणं बहुतेकींचं बरं होणारं आहे, आणि तेही फारसा खर्च न करता. फक्त त्याला काही महिने द्यावे लागतात, आणि घरातल्या एक-दोन सवयी बदलाव्या लागतात. आपलं घोडं अडतं ते तिथेच.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाच्या खालून एक जाड, चिवट पट्टा जातो. पायाची कमान त्याने ताणून धरलेली असते. तासन् तास उभं राहून, वजन वाढून किंवा पोटऱ्या आखडून त्याच्यावर सतत ताण आला, की टाचेला जिथे तो चिकटलेला असतो तिथे तो दुखावतो. डॉक्टर याला ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात. रात्रभरात हा पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. आणि ते वाढलेलं हाड? ते एक्स-रेमध्ये दिसतं खरं, पण काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेतही ते असतं. तेव्हा एक्स-रे बघून घाबरून जाऊ नका, आणि ‘हाड कापावं लागेल’ असं तर मुळीच मनात आणू नका.

आता चपलेकडे येते. आपल्याकडे बाहेर जाताना पायात चप्पल असते, पण बाहेर जातो किती वेळ? दिवसाचे आठ-दहा तास आपण शहाबादी फरशीवर नाही तर गुळगुळीत टाइल्सवर अनवाणी उभ्या असतो. पोळ्या अनवाणी, भांडी अनवाणी, कपडे अनवाणी. टाच दुखणाऱ्या बाईला कोणताही डॉक्टर सांगेल, की कडक जमिनीवर अनवाणी चालू नका. ती ‘हो’ म्हणते, घरी येते आणि दारात चप्पल काढते. स्वयंपाकघरात चप्पल? सासूबाई काय म्हणतील, देवघर समोरच आहे!

माझं म्हणणं इतकंच, की घरातली चप्पल वेगळी ठेवा. ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही, रोज धुतली जाईल, देवापुढे जाताना काढली जाईल. मऊ एमसीआर रबराची, टाचेला किंचित उंची आणि कमानीला आधार असलेली घ्या. अगदी चपट्या, झिजलेल्या स्लिपरचा काही उपयोग नाही. ज्यांच्या घरी हे खरंच जमणार नाही, त्यांनी निदान ओट्यापुढे सतरंजीची जाड घडी किंवा रबरी मॅट तरी टाकावी. आणि एक उंच स्टूल. भाजी चिरायला, कणीक मळायला उभंच राहायला हवं असं कुठे लिहिलंय? केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी दिवसभर उभं राहण्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा २०१८ साली त्यांच्यासाठी बसण्याची सोय कायद्यात आली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. आपल्या ओट्यापाशी स्टूल ठेवायला कुठल्या विधानसभेची गरज नाही.

व्यायाम मात्र चुकवू नका. सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी, पलंगावरच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाची बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा. तळव्याचा पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या पोटरीच्या व्यायामापेक्षा याने जास्त आराम पडल्याचं दिसलं होतं. कळ थोडी कमी झाली, की पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाचा सावकाश वर उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. हे एक दिवसाआड. कठडा धरा, पडू नका! संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पातळ फडक्यात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवली तर बरं वाटतं. रुईच्या पानाच्या शेकानेही तेवढ्यापुरतं बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण तो चीक डोळ्यात गेला तर महागात पडतं, आणि मधुमेह असेल तर शेकही नको न् बर्फही नको. पायाला भाजलेलं कळतच नाही.

आठ दिवसांत गुण येत नाही, म्हणून पुष्कळ जणी सोडून देतात आणि इंजेक्शनच्या मागे लागतात. माझ्या एका नात्यातल्या बाईंना पहिल्याच भेटीत टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं. महिनाभर छान वाटलं, मग दुखणं जिथल्या तिथे. इंजेक्शन वाईटच असतं असं नाही, पण त्याचा परिणाम थोडे दिवस टिकतो. ते वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा, टाचेखालची मऊ गादी झिजण्याचा धोका असतो. सहा महिने मनापासून व्यायाम आणि पादत्राणं सांभाळूनही दुखत असेल, तर शॉकवेव्ह नावाचा उपचार मोठ्या शहरांत मिळतो. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. गोळ्या मात्र मनाने नकोतच, विशेषतः बीपी, किडनी किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर.

वजनाबद्दलही एक सांगते. ते कमी झालं तर टाचेला आराम पडतो, हे खरं आहे. पण ‘जाड झालीस म्हणून दुखतंय’ हे बाईला ऐकवणं आणि तिला संध्याकाळी चालायला अर्धा तास मोकळा करून देणं, यातलं पहिलंच घरोघरी होतं.

टाच सुजली असेल, लाल झाली असेल, ताप असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, पडल्यावर दुखायला लागली असेल, तर घरी थांबू नका. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली असते, असं असेल तर डॉक्टरांना तेही आवर्जून सांगा. तो संधिवाताचा प्रकार असू शकतो.

आमच्या गल्लीतल्या त्या ४३ वर्षांच्या मैत्रिणीने महिन्यापूर्वी घरातली चप्पल घेतली. पहिले चार दिवस सासूबाई गप्प होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘कुठून आणलीस गं? माझ्या मापाची मिळेल का?’’