केअर होममधील बढतीचा मार्ग

इंग्लंडमध्ये वृद्ध व अपंगांची देखभाल हा मोठा रोजगार आहे. मात्र परदेशातून नवे केअर वर्कर नेण्याचा व्हिसा 22 जुलै 2025 पासून बंद आहे. तरीही कोणी एजंट त्यासाठी पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच सलाम करावा.

खरी संधी बर्मिंगहॅमसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी घरांना आहे. 'लीडर इन ॲडल्ट केअर' ही लेव्हल 5 अप्रेंटिसशिप तेथे पगार घेत करता येते. पाळ्या लावणे, औषधाची चूक झाल्यास चौकशी करणे, नव्या माणसाला वळण लावणे, तपासणीला सामोरे जाणे हे सारे कामावरच शिकायचे. वयाची वरची अट नाही. शिकणाऱ्याला फी नाही. लहान मालकालाही बहुधा खर्चाचे 5 टक्केच भरावे लागतात.

बुजुर्गांची खिदमत आपल्या भगिनींना शिकवावी लागत नाही. पण वर्षानुवर्षे रात्रपाळी करूनही त्या बढती मागत नाहीत, आणि बाईने साहेबी कशाला करावी, असे घरचेच म्हणतात. असे म्हणणाऱ्यांनी मॅनेजरचा पगार एकदा विचारून पाहावा!

हाती डेप्युटी मॅनेजरसारखे काम नसेल, तर आधी लेव्हल 4 करावी. मालकाच्या संमतीशिवाय दोन्ही होत नाहीत. म्हणून पहिला शब्द त्याच्याकडेच टाकावा.